विरळ हवेत पन्नास जण: हिमालयातल्या गटाच्या ट्रेकचा आढावा

एप्रिल उजाडला की पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर आणि सिंहगडाच्या वाटेवर भरलेल्या सॅक घेऊन चढणारी मंडळी वाढतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या असतात, एखाद्याच्या सॅकमध्ये चक्क तांदळाची पिशवी. यांतली बरीचशी मे-जूनमध्ये हिमालयात जाणार असतात. कुणी हिमाचलातल्या सर पासला, कुणी गढवालात. ज्यांच्याकडे रजा आणि पैसे दोन्ही आहेत ती नेपाळात एव्हरेस्ट बेसकॅम्पला. गट तयार असतो, तारखा ठरलेल्या असतात, पैसे भरले की बॅचमध्ये जागा मिळते.

हिमालय असा आवाक्यात आल्यापासून काही वाद सतत चालू आहेत. तयारी नेमकी कशाची करायची, वेळापत्रक कशाच्या आधारे आखायचं, औषध आधीपासून घ्यावं का, गट केवढा असावा, परत फिरायचं कुणी ठरवायचं आणि सरकारनं यात किती पडावं. डॉक्टर, जुन्या गिर्यारोहण संस्था, ट्रेकिंग कंपन्या आणि न्यायालयं यांची या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं आहेत. ती वाचताना मला वाटत आलं आहे की बहुतेक वादांच्या मुळाशी अडचण एकच आहे. विरळ हवेशी प्रत्येकाचं शरीर आपापल्या गतीनं जुळवून घेतं, कार्यक्रम मात्र सगळ्यांचा मिळून एकच छापलेला असतो.

पार्श्वभूमी

शिखर वगैरे गाठायचं नाही, तंबू-स्वयंपाकी सोबत घेऊन नुसतं चालून यायचं आणि त्याचे पैसे मोजायचे, हा प्रकार नेपाळात रुजला. ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले कर्नल जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये काठमांडूला माउंटन ट्रॅव्हल ही कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी तीन अमेरिकन महिलांना एव्हरेस्टच्या वाटेवर नेलं. आजच्या सगळ्या ‘पॅकेज’ ट्रेकचा वंश तिथपर्यंत जातो.

भारतात हिमालयाची ओळख अधिक करून प्रशिक्षणाच्या मार्गानं झाली. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग १९६५ ची. मुंबई-पुण्याच्या संस्थांमधली पहिली-दुसरी पिढी या संस्थांचे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स करून आली आणि मग तिनं इतरांना नेलं. त्या पद्धतीत हिमालयाच्या आधी सह्याद्री यायचा. पावसातल्या वाटा, रात्रीची चाल, मुक्कामाला चूल पेटवणं, भांडी घासणं हे सगळं एकत्र केलेलं असल्यानं लीडरला आपल्या गटातला प्रत्येक जण ठाऊक असायचा. कोण लवकर दमतो, कोण दमल्याचं लपवतो, कुणाला उलटीचं नाव काढलं तरी लाज वाटते, हे त्याला विचारावं लागत नसे. ही पद्धत सोन्याची होती असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यात ओळखीशिवाय शिरकाव होणं कठीण होतं, विशेषतः मुलींना.

दार उघडलं ते यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या राष्ट्रीय ट्रेकनी. वाटेवर ठरावीक अंतरावर कॅम्प लावून ठेवायचे आणि चाळीस-पन्नास जणांची एकेक बॅच एका कॅम्पवरून पुढच्यावर सरकवत न्यायची, अशी ती रचना. स्वस्त, शिस्तीची, दारूला आणि सिगारेटला मनाई. महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांनी, बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी आणि कॉलेजच्या पोरांनी पहिला बर्फ पाहिला तो याच बॅचमधून. त्यानंतर इंटरनेटवरून नोंदणी घेणाऱ्या कंपन्या आल्या. शनिवार-रविवार धरून आठवडाभराच्या रजेत बसेल असा ट्रेक ही त्यांनी ओळखलेली गरज होती. केदारकंठ्यासारखं सुमारे ३,८०० मीटरचं शिखर ऐन हिवाळ्यात गजबजू लागलं ते या गणितातून.

विरळ हवेबद्दल काय ठरलेलं आहे

काही गोष्टींवर आता मतभेद नाही. समुद्रसपाटीपासून ५,५०० मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. शरीर श्वास वाढवून आणि रक्तातली आम्लता पुन्हा जुळवून याला उत्तर देतं. त्याला दिवस लागतात, आणि किती दिवस ते माणसागणिक बदलतं.

या विषयातला एक पायाभूत अभ्यास भारतीय आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात सखल भागातल्या जवानांना अचानक उंचावर पोचवावं लागलं. त्या काळात आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांच्या नोंदींवर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला लेख १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. उंचीवर फुप्फुसात पाणी होतं ते न्यूमोनियामुळे नव्हे, हे त्याआधी, १९६० मध्ये, चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याच नियतकालिकात मांडलं होतं. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी हॅकेट आणि सहकाऱ्यांनी एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे, ४,२४३ मीटरवर, २७८ ट्रेकर तपासले. ५३ टक्क्यांना उंचीचा आजार झालेला आढळला, आणि खालून चालत आलेल्यांपेक्षा विमानानं लुक्लाला उतरलेल्यांमध्ये तो जास्त होता.

त्यातून आलेले नियम आज सर्वमान्य आहेत. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा. भारतीय लष्कर याहून काटेकोर आहे. साधारण २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात सहा दिवस, त्यापुढे ४,५०० पर्यंत चार दिवस आणि त्यावर आणखी चार, असं त्यांचं वेळापत्रक. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही सौम्य आजाराची लक्षणं. बसल्या जागी धाप लागणं म्हणजे फुप्फुस. टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालता न येणं किंवा असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदू. शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. ऑक्सिजन आणि औषधं तोवर वेळ काढून देतात.

सह्याद्री किती कामाला येतो

फिट माणसाला उंचीचा आजार होत नाही, हा समज अजून घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. मॅरेथॉन धावणारा तरुण ४,००० मीटरवर आडवा होतो आणि त्याची पोट सुटलेली मावशी शांतपणे चहा पीत बसलेली असते, असं दृश्य कुठल्याही अनुभवी लीडरनं पाहिलेलं असतं. उलट फिट माणूस भरभर चढतो, त्यामुळे कधी कधी तोच आधी सापडतो.

मग पर्वतीच्या पायऱ्या कशासाठी? इथे दोन मतं आहेत. बऱ्याच कंपन्या आता नोंदणीच्या वेळीच ठरावीक वेळेत पाच किलोमीटर धावून दाखवा, वजन-उंचीचं प्रमाण कळवा, असं सांगतात. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. दमलेला माणूस उशिरा पोचतो, कमी खातो, घामानं भिजून गारठतो, आणि त्याच्या पायी सगळा गट अडकतो. जुन्या संस्थांमधले लोक याला हरकत घेतात. धावण्याच्या वेळेवरून माणसाचा दम कळतो, पण ओल्या बोल्डरवरून सॅक घेऊन उतरताना त्याचे गुडघे आणि त्याचं मन काय करतं ते कळत नाही. त्यापेक्षा त्याला अलंग-मदन-कुलंगला किंवा राजगड-तोरण्याच्या सलग चालीला न्या, असं त्यांचं म्हणणं. मला यात दुसरी बाजू पटते, पण शेकडो अनोळखी माणसांची नोंदणी घेणाऱ्यानं ती अमलात कशी आणावी, हेही मला दिसत नाही.

सह्याद्रीची मर्यादा दोन्ही बाजूंना मान्य आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. गढवालातल्या बऱ्याच ट्रेकचं पायथ्याचं गावच त्याहून उंच असतं. म्हणजे महाराष्ट्रात राहून पाय तयार होतात, श्वास तयार होत नाही. थंडीचीही तीच कथा.

साहित्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. सुती कपडे नकोत, बूट आधी महिनाभर वापरलेले हवेत, एका जाड जॅकेटपेक्षा एकावर एक तीन थर बरे. गंमत अशी की ट्रेकपूर्वीच्या बैठकीत सर्वाधिक वेळ याच विषयावर जातो.

खरा दुर्लक्षित मुद्दा हृदयाचा आहे. ट्रेकर्सचं सरासरी वय वाढतं आहे. साठीनंतरचे गट आता नवलाचे राहिलेले नाहीत. डोंगरात चालताना होणाऱ्या आकस्मिक हृदयविकाराच्या मृत्यूंवर ऑस्ट्रियात झालेल्या अभ्यासांत मध्यमवयीन आणि त्यापुढच्या पुरुषांना धोका अधिक दिसला, आणि त्यातही पहिला दिवस नाजूक ठरला. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरनं सही केलेला एक कागद जोडला की हा प्रश्न सुटला असं धरतात. कैलास-मानसरोवर यात्रेत परराष्ट्र मंत्रालयानं दुहेरी तपासणीची पद्धत वापरली आहे. एकदा दिल्लीच्या रुग्णालयात, आणि पुन्हा लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या डॉक्टरांकडून. दुसऱ्या तपासणीत अडलेला यात्री तिथून परत जातो, मग त्यानं कितीही नवस बोललेला असो. खाजगी ट्रेकमध्ये अशी दुसरी चाळणी क्वचित असते.

वेळापत्रकाचा तिढा

छापील कार्यक्रम आणि वैद्यकीय नियम यांचं किती जमतं ते एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या नेहमीच्या वेळापत्रकावर तपासता येईल. लुक्ला सुमारे २,८६० मीटर. पहिला मुक्काम थोडं खाली, फाकडिंगला, २,६१० वर. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४०. म्हणजे एका दिवसात ८३० मीटर, पण त्यातले ३,००० च्या वरचे साडेचारशेच्या आत, आणि नामचेला दोन रात्री. पुढे तेंगबोचे ३,८६०, मग दिंगबोचे ४,४१०, तिथेही दोन रात्री. मग लोबुचे ४,९४० च्या आसपास आणि गोरक्षेप ५,१६४. नियम दोन ठिकाणी तीस-पन्नास मीटरनं ओलांडला जातो आणि आधीच्या जादा मुक्कामांनी भरून निघतो. वेळापत्रक वाईट नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा लुक्लाचं विमान हवामानामुळे दोन दिवस अडतं, परतीचं तिकीट मात्र हलत नाही, आणि मग कात्री लागते ती नामचे किंवा दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्रीला.

भारतातले छोटे ट्रेक जास्त वादग्रस्त आहेत. लेहला विमानानं उतरलेला माणूस दोन-अडीच तासांत थेट ३,५०० मीटरवर येतो. गोठलेल्या नदीवरून जाणाऱ्या चादर ट्रेकसाठी लेहमध्ये थांबून वैद्यकीय तपासणी करून घेण्याची अट आहे ती याच कारणानं. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रेकमध्ये कंपन्या ‘उंच चढा, खाली झोपा’ या तत्त्वाचा हवाला देतात. दुपारी थोडं वर चढवून आणायचं आणि रात्री खाली झोपवायचं. शिवाय ४,००० मीटरच्या आसपास जाऊन लगेच उतरणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, हेही त्या दाखवतात. डॉक्टरांचं उत्तर असं की बहुतेकांना काही होत नाही याच्यावर भिस्त ठेवली की ज्याला होतं त्याच्यासाठी कार्यक्रमात एकही मोकळा दिवस उरत नाही. राखीव दिवस ठेवला तर ट्रेक महाग होतो आणि रजा वाढते. सुरक्षिततेची चर्चा शेवटी इथे, रजेच्या अर्जापाशी, येऊन अडते.

गोळी घ्यावी की नाही

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे ट्रेकर्सच्या तोंडचं डायमॉक्स. हे औषध मूत्रपिंडावाटे बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावतं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास वाढतो. शरीर जे चार दिवसांत करणार ते थोडं लवकर घडतं. लक्षणं दाबण्याचं काम ते करत नाही. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवीला लागणं, सोड्याची चव बिघडणं हे त्याचे त्रास. सल्फा औषधांची गंभीर ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

त्याच्या परिणामाबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो सरसकट देण्याचा. काही मोठ्या ट्रेकिंग कंपन्या प्रत्येकानं आधीपासून गोळी घ्यावी असा आग्रह धरतात. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर, पन्नास जणांत कुणाला आजार होईल हे आधी ओळखता येत नसेल आणि औषध तुलनेनं निर्धोक असेल, तर सगळ्यांनाच देणं शहाणपणाचं आहे. विरुद्ध बाजू म्हणते की वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीची तत्त्वं धोक्यानुसार औषध सुचवतात, आणि सावकाश चढणाऱ्या, पूर्वी त्रास न झालेल्या माणसाला ते लागत नाही. सगळ्यांना गोळी देण्याचा खरा अर्थ वेळापत्रकच घाईचं आहे, असा याचा रोख. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या ट्रेकबद्दल बोलत आहेत.

घरगुती उपायांचं मात्र तसं नाही. मराठी गटात कापराची पुडी रुमालात बांधून हुंगणारे हमखास असतात. होमिओपॅथीतल्या ‘कोका थर्टी’च्या साबुदाण्यासारख्या गोळ्या तर अख्ख्या बसमध्ये फिरतात; नेपाळी भट्टीत, म्हणजे वाटेवरच्या खाणावळीत, लसणाचं सूप मिळतं. सूप गरम असतं एवढा त्याचा निश्चित फायदा. जिंको बिलोबा या वनस्पतीच्या अर्काची एव्हरेस्टच्या वाटेवरच रीतसर चाचणी झाली आणि २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आला. जिंको आणि खोटी गोळी यांत फरक नव्हता, अॅसिटाझोलामाइडनं फरक पडला. भरपूर पाणी प्यायल्यानं आजार टळतो हेही सिद्ध झालेलं नाही. तहान भागेल इतकं प्यावं हे खरं, पण लीडरच्या धाकानं चार-पाच लिटर रिचवण्याला आधार नाही.

करोनानंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रत्येक गटात आला. काही लीडर रोज संध्याकाळी वहीत आकडे लिहितात. त्यांना त्यातून घसरण लवकर दिसते. डॉक्टरांना भीती उलटी वाटते. थंड बोटांवर आकडा चुकतो, आणि चांगला आकडा पाहून डोकं दुखणाऱ्या माणसाला पुढे नेलं जातं. निदान लक्षणांवरून करायचं यावर वैद्यकीय एकमत आहे. वही ठेवायला हरकत नाही. आधी माणसाला विचारावं आणि मग वहीत पाहावं, एवढंच.

गट आधार की दबाव

एकट्यानं जाण्यापेक्षा गटानं जाणं सुरक्षित, हे गृहीतक आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की ते तपासावंसं वाटत नाही. काठमांडूत दीर्घकाळ दवाखाना चालवणारे डॉ. डेव्हिड श्लिम यांनी ते तपासलं. नेपाळातल्या ट्रेकर्सच्या मृत्यूंचा अभ्यास त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. उंचीच्या आजारानं दगावलेल्यांमध्ये संघटित गटांबरोबर आलेल्यांचा वाटा, एकूण ट्रेकर्समधल्या त्यांच्या वाट्याच्या मानानं, बराच जास्त निघाला.

कारणं समजायला अवघड नाहीत. एकट्या माणसाचं डोकं दुखलं तर तो थांबतो. गटातल्या माणसाला सकाळी सहाला सॅक भरून उभं राहायचं असतं. आपल्यामुळे सगळ्यांचा पास हुकेल ही भीती. हजारो रुपये भरलेत ही टोचणी. शेजारच्या तंबूतल्या काकू चालताहेत मग मी कसा मागे राहू, ही ईर्षा. या सगळ्यांतून लक्षणं लपवली जातात. ‘झोप झाली नाही म्हणून डोकं दुखतंय’ हे वाक्य ऐकून गाफील राहिलेल्या लीडर्सची संख्या मोठी असावी.

म्हणून गटाच्या आकाराचा प्रश्न येतो. लहान गटाचे पुरस्कर्ते म्हणतात, दहा-बारा जणांचा गट असला की लीडर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे रोज पाहू शकतो. मोठ्या बॅचच्या बाजूनं बोलणारे खर्चाकडे बोट दाखवतात, आणि ते बोट योग्य जागी आहे. पन्नास जणांत वाटला गेलेला खर्चच सामान्य पगाराच्या माणसाला हिमालय दाखवतो. शिवाय कायमचे कॅम्प असल्यानं आजारी माणसाला मागच्या कॅम्पवर परत पाठवता येतं, जे फिरत्या लहान गटाला सहज जमत नाही. त्यासाठी सोबत उतरणारा जाणता माणूस हवा. मला विचाराल तर गटात किती माणसं आहेत यापेक्षा कितींना खाली घेऊन जाता येईल एवढे मार्गदर्शक आहेत, हा आकडा आधी विचारावा. एक आजारी उतरला आणि त्याच्याबरोबर एक मार्गदर्शक गेला, तर उरलेल्यांकडे कोण राहतं?

मार्गदर्शकाच्या अधिकाराचंही तसंच. क्लबच्या गटात लीडर परत फिरा म्हणाला की वाद मिटायचा. पैसे भरलेल्या गटात ट्रेकर ग्राहक असतो, आणि हंगामी पगारावरचा स्थानिक तरुण त्याला नाही म्हणताना त्याच्या ऑनलाइन अभिप्रायाचाही विचार करतो. काही ठिकाणी आता परत फिरण्याची वेळ आणि अटी नोंदणीच्या वेळीच लिहून घेतल्या जातात. चांगली सुरुवात आहे. ओझी वाहणारे, स्वयंपाकी आणि खेचरवाले यांच्याबाबत मात्र अजून तेवढंही झालेलं नाही. तेही आजारी पडतात, अनेक जण सखल गावांतून आलेले असतात, आणि त्यांच्या बुटांची चौकशी कुणी करत नाही. १९९७ मध्ये स्थापन झालेला इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप याच प्रश्नावर काम करत आला आहे.

हवामान

अलीकडच्या मोठ्या दुर्घटनांत उंचीच्या आजारापेक्षा वादळांनी जास्त बळी घेतले. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर दोन दिवसांनी नेपाळात बर्फ होऊन कोसळला. अन्नपूर्णा परिसरात, प्रामुख्यानं ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या वाटेवर आणि आसपास, ४० हून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी ट्रेकर होते तसे स्थानिक मार्गदर्शकही. चक्रीवादळाची बातमी जगभर होती, ती त्या वाटेवरच्या लॉजपर्यंत पोचली नाही, ही त्यानंतरची मुख्य टीका. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या गटातले ९ जण हिमवादळात सापडून मरण पावले.

दोन्ही ठिकाणी बरीच माणसं थंडीनं आणि दमून गेली, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न संपर्काचा होता. भारतात सॅटेलाइट फोन आणि तशी संदेशयंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. ती बाळगल्याबद्दल परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली आहे. सीमाभागात सुरक्षा यंत्रणांची चिंता समजण्यासारखी आहे. परंतु मोबाइलला रेंज नसलेल्या वाटेवर मदत मागायची तर कुणाला तरी धावत खाली पाठवावं लागतं, हेही तितकंच खरं. नोंदणीकृत गटांना अशी यंत्रं भाड्यानं द्यावीत, ही मागणी बऱ्याच काळापासून आहे.

नियम कुणाचे

उत्तराखंड उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या २०० वर मर्यादित केली. आली आणि बेदनी बुग्यालवर वाढलेले तंबू, कचरा आणि खेचरांची वर्दळ ही त्यामागची कारणं. या बुग्यालांवरून जाणारा रूपकुंडचा नेहमीचा ट्रेक त्यामुळे थांबला. पर्यावरणवाद्यांना हा निर्णय उशिरा आलेला वाटला. वाण, लोहाजंगसारख्या गावांतल्या मार्गदर्शकांना आणि खेचरवाल्यांना त्यामुळे हंगामाची कमाई गमावल्याचं दुःख आहे, आणि कंपन्यांचं म्हणणं असं की एक वाट बंद केली की गर्दी शेजारच्या वाटेवर सरकते. केदारकंठ्याची गर्दी पाहता या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे.

नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक मार्गदर्शक सक्तीचा केला. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू भागातल्या स्थानिक पालिकेनं तो नियम आपल्या हद्दीत लागू करायला नकार दिला. तिथल्या लॉज चालवणाऱ्यांना स्वतंत्र ट्रेकर हवे आहेत. भारतात पर्यटन मंत्रालयानं २०१८ मध्ये साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, महाराष्ट्रानं २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. महाराष्ट्रात यावरून झालेल्या चर्चेत व्यावसायिक आयोजक आणि विनामूल्य काम करणाऱ्या संस्था यांना एकाच मापानं मोजावं का, हा मुद्दा ठळक होता. नोंदणी, शुल्क, प्रशिक्षित माणसांची सक्ती यांत हौशी संस्था बंद पडतील असं एका बाजूला वाटतं. दुसऱ्या बाजूला, समाजमाध्यमावर एक पोस्ट टाकून तीस मुलांना हिमालयात नेणारा हौशी तरुणच सर्वांत धोकादायक आहे असं वाटतं. आणि महाराष्ट्राचं धोरण हिमाचलातल्या खिंडीत लागू होत नाही. गट पुण्यात जमतो, कंपनी बंगळूरची असते, वाट उत्तरकाशी जिल्ह्यात, मार्गदर्शक कधी नेपाळचा. अपघात झाला तर जबाबदारीचा धागा यांतल्या कुणापर्यंत जातो, याचं उत्तर प्रत्येक प्रकरणात नव्यानं शोधावं लागतं.

अजून न सुटलेलं

विम्याची बाब त्यातलीच एक. बऱ्याच प्रवास विमा योजना ठरावीक उंचीच्या वर लागू होत नाहीत, आणि हे वाक्य अटींच्या बारीक अक्षरांत असतं. हेलिकॉप्टरनं सुटका करण्याची सोय नेपाळात इतकी सुलभ आहे की २०१८ मध्ये खोट्या सुटकांचं प्रकरण उघड होऊन सरकारला चौकशी करावी लागली. भारतात उलट, ती सेवा लष्कर आणि आपत्ती दलांवर अवलंबून आहे.

वैद्यकीय बाजूनं, भारतीय मैदानी भागातला चाळिशी-पन्नाशीचा, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस उंचीवर कसा वागतो याचा अभ्यास अपुरा आहे. आपल्याकडचं मूळ संशोधन तरुण जवानांवर झालं, नेपाळातलं बरंचसं पाश्चात्त्य ट्रेकर्सवर. आजच्या बॅचमधला ट्रेकर या दोन्हींत बसत नाही.

सर्वांत मोठी उणीव नोंदींची आहे. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून गिर्यारोहणातल्या अपघातांचा वार्षिक अहवाल छापतो. काय झालं, कुठला निर्णय चुकला, काय टाळता आलं असतं, हे त्यात कोरड्या भाषेत असतं. हिमालयन क्लबचं जर्नल १९२९ पासून मोहिमांचे वृत्तांत देत आलं आहे, पण हिमालयात चालायला गेलेल्या सामान्य ट्रेकर्सच्या आजारांची, सुटकांची आणि मृत्यूंची अशी दरवर्षीची जाहीर वही आपल्याकडे नाही. कंपन्यांकडे स्वतःची आकडेवारी असते, ती बाहेर येत नाही. वनखात्याकडे परवान्यांची संख्या असते, पोलिसांकडे पंचनामे, जिल्हा रुग्णालयांत केसपेपर. हे कागद कधी एकत्र येत नाहीत. ते येईपर्यंत डायमॉक्स सरसकट द्यावं का, पन्नासाची बॅच बाराच्या गटापेक्षा खरंच धोक्याची आहे का, सक्तीच्या मार्गदर्शकानं मृत्यू घटतात का, यांतल्या कुठल्याच प्रश्नावर भारतापुरतं तरी कुणाला आकड्यानिशी बोलता येणार नाही. परवान्याच्या अर्जाबरोबर परतल्यावर भरायचा एक साधा अहवाल सक्तीचा करावा, अशी सूचना अधूनमधून होते. त्या फॉर्ममध्ये फार काही लागणार नाही: किती गेले, कुठल्या रात्री किती उंचीवर झोपले, कोण आजारी पडलं, कोण कुणाबरोबर खाली उतरलं.